एक्केचाळीस चिठ्ठ्या

टिपणीस सर,

परवा रानडे मॅडमचा फोन आला. आपल्या मराठी मंडळाच्या अंकात तुमच्यावर एक पान द्यायचं आहे, ते तुम्ही लिहा म्हणाल्या. तुमचा जन्म कधीचा, पुण्यातल्या कॉलेजात इतिहास किती वर्षं शिकवलात, हे सगळं त्या तुमच्या मुलीकडून, मुग्धाकडून, घेणार आहेत. मी म्हटलं, ते तुम्ही वेगळं छापा. मला सरांशी बोलायचंय आणि ते एका पानात बसणार नाही. त्या म्हणाल्या, "बसेल तेवढं लिहा, शिंत्रे." म्हणजे बघा, सात महिन्यांपूर्वी ज्यांनी मला हरवलं त्याच बाईंकडून जागा मागून घेऊन मी तुम्हाला लिहितोय. तुम्हाला हे आवडलं असतं. तुम्ही चष्मा काढून पुसत बसला असता, हसू लपवायला.

आधीच सांगून ठेवतो, मी अजून रागावलेला आहे. सुनंदा म्हणते, माणूस गेल्यावर राग सोडून द्यावा. बायकोचं मी बाकी सगळं ऐकतो. पण राग सोडून दिला तर तुमच्याशी बोलायला माझ्याकडे काय उरेल, हे ती सांगत नाही.

आपली पहिली भेट आठवते का? मुग्धाला इथे सिंगापुरात, नोव्हेनाच्या हॉस्पिटलात नोकरी लागून चारेक वर्षं झाली होती. तुमच्या सौ. गेल्या, तुम्ही पुण्याचं घर बंद करून इकडे आलात, आणि मुग्धाला मोठा फ्लॅट हवा झाला. मी सेम्बावांगमधला एक शोधून दिला. मालक चिवट. मी दोन तास त्याच्याशी भांडलो. भाडं उतरवलं, नवीन एसी लावून घेतला, वर स्वयंपाकाचा विषय मिटवला. इथले निम्मे मालक आपलं नाव ऐकताच फोडणीच्या वासाबद्दल विचारतात, हे तुम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी घाम पुसत तुमच्याकडे वळलो, कौतुकाची वाट बघत. तुम्ही सोफ्यावर बसून होतात. म्हणालात, "उत्तम. बर्लिनची परिषद अशीच झाली असणार."

मी विचारलं, "कसली परिषद?"

"युरोपातले सगळे मोठे देश एका टेबलाभोवती बसले आणि आफ्रिका कुणी कशी घ्यायची याचे नियम त्यांनी ठरवले. फार सभ्यपणे. फक्त आफ्रिकेतल्या कुणाला बोलावलं नव्हतं."

"त्याचा इथे काय संबंध?"

"तुम्ही आणि मालकांनी सगळं ठरवलंत. राहणार मी. मला तेराव्या मजल्यावर चक्कर येते, हे मला कुणी विचारलंच नाही."

मी भडकलो. म्हटलं, आजोबा, दोन तास मी कुणासाठी घसा फोडला? मुग्धा मध्ये पडली, "बाबा, प्लीज." पण त्या संध्याकाळी मी मालकाला परत फोन केला आणि त्याच इमारतीत त्याच्या भावाचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्याच भावात काढला. तुम्हाला कळवलं तर तुम्ही विचारलंत, "शिंत्रेशेठ, शनिवारी सकाळी काय करता?"

मी दहावी नापास माणूस. मिरजेहून वेल्डर म्हणून इथल्या जहाजांच्या गोदीत आलो, अकरा वर्षं ठिणग्या खाल्ल्या, मग परीक्षा देऊन घरांचा एजंट झालो. शनिवारी सकाळी मी घरं दाखवतो, इतिहास शिकत नाही. तरी आलो. तुमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, ते दगडी टेबल, ज्याच्यावर बुद्धिबळाचा पट कोरलाय. त्या चौसष्ट घरांवर तुम्ही युरोप मांडलात. माझा कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप प्रशिया. तुमचा बिनसाखरेच्या कोपीचा कप फ्रान्स. मुग्धाच्या ईराचं खोडरबर म्हणजे बेल्जियम. ईरा बाजूच्या बाकावर गृहपाठ करत होती. ती म्हणाली, "आजोबा, my eraser, lah." तुम्ही म्हणालात, "बेल्जियमला असंच वाटायचं. पण पुढे त्याच्या राजाने स्वतःपेक्षा कितीतरी पट मोठा मुलूख आफ्रिकेत घेतला, तेव्हा या खोडरबराची दया करू नकोस."

तीन वर्षं, सर. हळूहळू आठ-दहा जण यायला लागले. बँकेतले, आयटीतले. पण पहिला आणि शेवटचा मीच असायचो, आणि सगळ्यात जास्त भांडायचोही मीच. तुम्ही सांगायचात, एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आधी मत फक्त जमीनवाल्यांना होतं. मग घरवाल्यांना. मग कारखान्यातल्या माणसाला, तेही टप्प्याटप्प्याने, दर वेळी असं दाखवून की हे आम्ही उदारपणे देतोय. बायकांना तर त्या शतकात जवळपास कुठेच नाही. वरच्या लोकांची झोप उडाली होती, की ही गर्दी आता आपल्याला खाणार. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की गर्दीला मिरवणूक आवडते. स्वस्त वर्तमानपत्र निघालं, त्यात रोज दूरच्या कुठल्यातरी किल्ल्यावर आपला झेंडा. "घरात ओल, पोराला खोकला," तुम्ही म्हणायचात, "पण नकाशावर आपल्या साम्राज्याचा लाल रंग पसरतोय, त्यात माणूस खूश."

मी म्हटलं होतं, "म्हणजे गिऱ्हाइकाला खूश ठेवायला तिसऱ्याच्या घरातलं सामान द्यायचं."

तुम्ही बोलता बोलता थांबलात. वहीत लिहून घेतलंत. पुढच्या शनिवारी सगळ्यांना सांगितलंत, हे वाक्य शिंत्र्यांचं आहे. माझ्या आयुष्यात माझं वाक्य कुणी लिहून घेतल्याची ती पहिली वेळ. करारातली कलमं सोडून.

आणि तुम्ही मला माझ्याच गावात फिरवलंत. मी रोज ॲडमिरल्टी स्टेशनवरून एमआरटी पकडतो, ते नाव इंग्रजांच्या आरमारावरून पडलंय हे मला माहीत नव्हतं. "साम्राज्यातून प्रवास करता शेठ, कार्ड टॅप करून." ज्या गोदीत मी उन्हात जळलो तीही त्यांच्याच आरमारासाठी बांधलेली. तुम्ही मला विचारलंत, आत कसं दिसायचं, पाणी कसं काढायचे, पोलादाला हात लावला तर किती भाजायचं. तासभर मी सांगत होतो आणि तुम्ही विद्यार्थ्यासारखे ऐकत होतात. घरी जाऊन सुनंदाला म्हणालो, आज मी सरांना शिकवलं.

आपलं खरं भांडण सौद्यावरून असायचं. माझं म्हणणं होतं, ते लोक काही राक्षस नव्हते, ते पक्के व्यवहारी होते. समोरच्या राजाने अंगठा दिला, यांनी मुलूख घेतला. कच्चा खेळला तो हरला. तुम्ही हे दर वेळी शांतपणे ऐकायचात आणि दर वेळी तेच म्हणायचात. "सौदा म्हणजे काय, शेठ? दोघांनाही टेबलावरून उठून जाता आलं पाहिजे. एकाला उठता येत नसेल तर तो सौदा नाही." मी म्हणायचो, कुणालाच पूर्ण उठता येत नाही सर, पोट सगळ्यांना असतं. यावर तुमच्याकडे उत्तर होतं का? "बघू, पुढच्या शनिवारी," म्हणायचात.

मग मंडळाचं निघालं. आपलं हे उत्तरेकडचं छोटं मंडळ सात कुटुंबं चालवायची. दर वर्षी कुणाच्यातरी कॉन्डोवर श्रीखंड-पुरी व्हायची आणि अध्यक्ष माना हलवून ठरायचा. वर्गणी सगळे द्यायचे, वुडलँड्समधल्या भाड्याच्या खोल्यांत राहणारी नवी पोरं-पोरीसुद्धा, पण त्यांना कुणी काही विचारायचं नाही. मी म्हटलं, वर्गणी देतो त्याला मत हवं. तुम्ही खुर्चीत ताठ झालात. मला इंग्लंडमधल्या त्या कामगारांची गोष्ट सांगितलीत, ज्यांनी लाखो सह्यांचा अर्ज पार्लमेंटकडे गाडीवर घालून नेला, आणि पार्लमेंटने तो फेटाळला, पुन्हा नेला, पुन्हा फेटाळला. त्यांच्या सहा मागण्या होत्या. त्यांतल्या पाच पुढे मान्य झाल्या, पण तोवर बहुतेक मागणारे मेले होते.

आपला अर्ज तुम्ही लिहिलात. त्यात दोन मागण्या होत्या. एक, प्रत्येक सभासदाला मत. दोन, मत चिठ्ठीवर, गुप्त.

दुसरी मी खोडली. मला तो क्षण स्पष्ट आठवतो, कारण तोच सगळ्याचं मूळ आहे. मी म्हटलं, "सर, एक मागितलं की मिळतं, दोन मागितली की समोरचा दोन्हींवर घासाघीस करतो. हा माझा धंदा आहे." तुम्ही पेनाला टोपण लावलंत. म्हणालात, "ठीक आहे. नंतर."

मी समजलो, सोडून दिलं. तुम्ही समजलात, पुढे ढकललं. सर, मी हजार सौदे केले आहेत. खोडलेलं कलम म्हणजे संपलेलं कलम. या एका गोष्टीवर मी आजही मागे हटणार नाही.

साठ-सत्तर सह्या मी पंधरा दिवसांत जमवल्या. सात कुटुंबांनी नाकं मुरडली आणि मान्य केलं. तुम्ही मला "आमचे अर्जवाले शेठ" म्हणत फिरवलंत. आणि मी अध्यक्षपदाला उभा राहिलो, समोर रानडे मॅडम. का राहू नये? सह्या करणाऱ्यांतल्या बहुतेकांना सिंगापुरात पहिली खोली मी मिळवून दिलेली. विमानतळावर बॅगा घेऊन उभ्या असलेल्या पोरांना मी घेऊन आलोय. मालक फोन आपटायचे, मी परत लावायचो. मी सांगितलं, या गणपतीत मोठं ढोल-ताशा पथक उभं करू, असं की सेम्बावांगच्या लोकांनी खिडक्या उघडून बघावं. पोरं शिट्ट्या मारत होती. तुम्ही दुसऱ्या शनिवारी कप हातात धरून म्हणालात, "मत दिलंत, आता नगारा देताय." मी हसलो. मला वाटलं चेष्टा आहे.

आणि तो डबा. जानेवारीत तुम्ही बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा घेऊन आलात. झाकणाला चीर पाडून द्या म्हणालात. मला वाटलं, ईराच्या सुट्ट्या पैशांसाठी. जुनी हत्यारं काढली, सरळ रेघ मारली, कापलं, कडा घासून गुळगुळीत केल्या, पोरीचं बोट कापू नये म्हणून. "कशाला हवाय?" मी विचारलं होतं. "लागेल कधीतरी," तुम्ही म्हणालात.

कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये सभा होती. खचाखच भरली होती, याआधी कधीच भरली नव्हती इतकी. जुन्या अध्यक्षांनी म्हटलं, शिंत्र्यांच्या बाजूने हात वर करा. मी पुढे उभा होतो, लोकांकडे तोंड करून. आणि हात वर जायच्या आत तुम्ही उभे राहिलात. पिशवीतून तो डबा काढलात.

"मत चिठ्ठीवर घ्यावं अशी माझी सूचना आहे," तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, "सर, हे ठरलं होतं."

"नंतर, असं ठरलं होतं. हे नंतर आहे."

"माझ्या माणसांवर तुमचा विश्वास नाही?"

"माणसांवर आहे, म्हणूनच चिठ्ठी. शिंत्रे, एकच सांगा. ज्याला खोली तुम्ही दिलीत, ज्याचा करार पुढच्या महिन्यात तुम्हीच वाढवून देणार आहात, त्याला तुमच्यासमोर हात खाली ठेवता येईल का?"

मग तुम्ही सगळ्यांना शिकवलंत. उभ्या उभ्या, पाच मिनिटं. की चिठ्ठी येईपर्यंत इंग्लंडमध्ये कुळाने जमीनदारासमोर मोठ्याने मत सांगायचं, आणि चुकीचं नाव घेतलं तर घर सोडायचं. मला जमीनदार म्हणालात तुम्ही, सर. मिरजेच्या एका खोलीत सात जण झोपायचो आम्ही. मी ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहीत नाही, रानडे मॅडम छापणार नाहीत. शेवटी म्हटलं, "घ्या चिठ्ठ्या. बघाच."

मला एक्केचाळीस पडल्या. रानडे मॅडमना पंचेचाळीस.

सर, पुढचं तुम्हाला माहीत नाही. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं.

मी हिशोबी माणूस. दुसऱ्या दिवसापासून मी एकेकाला विचारायला लागलो. सरळ नाही, गोड बोलून. कोपी पाजून, फोन करून, कराराच्या निमित्ताने. केदारला विचारलं, ज्याच्यासाठी मी तीन मालकांचे पाय धरले होते. "काका, हा काय प्रश्न झाला? तुम्हालाच." नाशिकच्या त्या दोघी म्हणाल्या, "तुम्हालाच की." वहीत खुणा करत गेलो. दोन आठवड्यांत त्रेपन्न जणांनी मला सांगितलं की त्यांनी मत मला दिलं.

एक्केचाळीस चिठ्ठ्या. त्रेपन्न तोंडं.

वही उघडी ठेवून मी बसलो होतो. सुनंदाने विचारलं काय झालं. मी म्हटलं, लोक खोटारडे आहेत. तिने वही बघितली, मला बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही विचारल्यावर दुसरं काय म्हणतील?" आत निघून गेली. तेव्हाच मला कळलं की तुम्ही बरोबर होतात. कमीत कमी बारा माणसं, जी माझ्या समोर बसून, माझी कोपी पिऊन, मला "नाही" म्हणू शकली नाहीत. आणि मी तीन वर्षं तुमच्याशी भांडत होतो की अंगठा दिला म्हणजे सौदा झाला.

हे कळल्यावर माणसाने काय करावं? उठून तुमच्याकडे यावं. मी अजून चिडलो. तुम्ही चुकीचे असता तर मी तुम्हाला महिन्याभरात माफ केलं असतं.

तुम्ही दर शनिवारी निरोप पाठवत राहिलात. "आज क्रिमिया. तुमचा कप ठेवलाय." "आज पॅरिसच्या रस्त्यावरचे अडथळे. वेल्डरची गरज आहे." डब्याबद्दल एकदाच लिहिलंत, "तेव्हा कारण सांगितलं असतं तर तुम्ही चीर पाडली नसती. ही माझी लबाडी, मान्य." मी ते वाचलं. दोन निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे मी वाचलं हे तुम्हाला कळलं. उत्तर दिलं नाही. एकदा सेम्बावांग स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर तुम्ही खाली येत होतात, मी वर जात होतो. तुम्ही हात उचललात. मी फोनमध्ये बघितलं. फोन बंद होता.

एक वाद आपला अर्धाच राहिला. सभेच्या आदल्या शनिवारचा. जर्मनीच्या त्या चॅन्सेलरचा, ज्याने बर्लिनची परिषद भरवली. त्यानेच आपल्या कामगारांना आजारपणाचा विमा दिला, म्हातारपणाचं पेन्शन दिलं, का, तर ते कामगारांच्या पक्षाकडे जाऊ नयेत म्हणून. मी विचारलं, हेतू काही असो, म्हाताऱ्याला पेन्शन मिळालं ना? मग वाईट काय? तुम्ही म्हणालात, "घेणाऱ्याला हेतू कळतो, शेठ. तरी तो घेतो, कारण म्हातारपण खरं असतं. पण घेऊनही त्याने मत त्याला द्यायचं तिथेच दिलं. तो पक्ष वाढतच गेला." आणि घड्याळ बघून म्हणालात, पुढच्या शनिवारी. त्या दिवशी मला वाटलं चॅन्सेलरचं चाललंय. आता वाटतं तुम्ही मला सावध करत होतात. किंवा धीर देत होतात. म्हणजे हरलात तरी दिलेलं वाया जात नाही, असं. कोणतं ते मला कळलेलं नाही.

माझ्याही बाजूचं एक ऐका. तुम्हाला तत्त्व परवडलं, सर. तुम्हाला कुणाच्या दारात उभं राहून "आम्ही घरात जास्त तळत नाही" असं सांगावं लागलं नाही. ते मी सांगितलं, तुमच्याही वतीने. त्या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाच्या वतीने. त्या पाच मिनिटांत तुम्ही कुळं सांगितलीत, जमीनदार सांगितलात, एवढं तरी म्हणायचं होतं की हा माणूस तुमच्यासाठी भांडला. एक वाक्य. माझी वाक्यं तुम्ही वहीत लिहून घ्यायचात, मग तेव्हा तुमच्याकडे माझ्यासाठी एक का नव्हतं?

मुग्धाचा फोन आला तेव्हा मी एका नव्या जोडप्याला घर दाखवत होतो. "काका, बाबांना ॲडमिट केलंय. माझ्याच हॉस्पिटलात. तुम्ही याल का?" दुसऱ्या दिवशी दुपारी मी नोव्हेनाला गेलो. खाली कोपी घेतली, एक साखरेची, एक बिनसाखरेची. लॉबीत बसून वर जाऊन काय बोलायचं ते ठरवत होतो. आधी कोण माफी मागणार. डब्याचं आधी की वहीचं आधी. मी पहिला आकडा कधीच माझ्या तोंडून काढत नाही, हीच माझी सवय. समोरच्याने बोलावं, मग आपण. पाऊण तास बसलो. वाटलं, उद्या येऊ, आज झोपले असतील. दोन्ही कप तिथेच ठेवून निघालो. दुसऱ्या दिवशी पहाटेच तुम्ही गेलात.

मुग्धा म्हणाली तुम्ही त्या दुपारी जागे होतात. खिडकीत उशीला टेकून बसला होतात. मी तिला लॉबीचं सांगितलेलं नाही. इथे लिहिलंय, वाचेल.

तेराव्यानंतर मंडळाची शोकसभा झाली. त्याच हॉलमध्ये. रानडे मॅडम चांगलं बोलल्या, थोडक्यात. मग केदार उठला आणि म्हणाला, शनिवारचा वर्ग बंद पडू नये, शिंत्रेकाकांनी चालवावा. टाळ्या झाल्या. मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांना मान्य असेल तर हात वर करा."

मी उभा राहिलो. म्हटलं, "चिठ्ठ्या घ्या."

मागून कुणीतरी म्हणालं, "काका, शोकसभेत कसल्या चिठ्ठ्या?" थोडे लोक हसले. मी म्हटलं, दहावी नापास माणूस युरोप शिकवणार, कुणाला नको असेल तर त्याला तसं म्हणता आलं पाहिजे, आणि माझ्या तोंडावर म्हणावं लागू नये. मॅडमनी कपाटातून डबा काढला. तो मंडळाकडेच होता. चिरेची कड मी घासलेली तशीच, कुणाचं बोट कापलं नसेल.

सहा चिठ्ठ्या विरुद्ध निघाल्या. सहा. माझ्या डोक्यात लगेच नावं फिरायला लागली, सवय जात नाही. दाराशी सगळे चप्पल-बूट घालत होते, एकेकाचा चेहरा माझ्यासमोरून जात होता. मी कुणालाही विचारलं नाही, सर. हे तुम्हाला सांगायचं होतं. फक्त हे सांगायला मी एवढं लिहिलं असेन.

बाहेर मुग्धा थांबली होती. मी तिला म्हटलं, एक विचारू? सरांनी त्या दिवशी मत कुणाला दिलं होतं? गेले सात महिने मला दुसरं काही जाणून घ्यायचं नव्हतं. त्रेपन्न जणांना विचारलं आणि ज्याला विचारायचं होतं त्या एकाला विचारलं नाही.

मुग्धा म्हणाली, "मी पण विचारलं होतं बाबांना, घरी आल्या आल्या. मला नाही सांगितलं. म्हणाले, शिंत्रे येतील विचारायला, चिडून येतील. आले की त्यांना सांगेन. आधी त्यांना."

"मग?"

"मग तुम्ही आला नाहीत, काका."

आज शनिवार आहे. आठला लोक येतील, मी सातलाच आलोय. दगडी टेबलावर रात्रीच्या पावसाचं थोडं पाणी होतं, पुसून घेतलं. ईराने येऊन खोडरबर ठेवलं आणि शाळेच्या कुठल्याशा सरावाला गेली. जाताना म्हणाली, "शिंत्रेकाका, don't lose, okay?" माझा कप माझ्या बाजूला, तुमचा तुमच्या बाजूला. प्रशिया आणि फ्रान्स. आज मला चॅन्सेलरपासून सुरुवात करायची आहे आणि पहिलं वाक्य अजून सापडलेलं नाही.

अजून कुणी नाही, म्हणून मोठ्याने विचारलं. समोरच्या खुर्चीकडे बघून, चिडून, जसा येईन असं तुम्हाला वाटलं होतं तसाच. "सर, मत कुणाला दिलंत?"

झाडूवाली बाई मागे वळून बघून पुन्हा झाडायला लागली.

सौद्यात दोघांनाही उठून जाता आलं पाहिजे, असं तुम्ही म्हणायचात. तुम्ही उठून गेलात. मी बसलोय अजून, सर. तुमची कोपी निवत चाललीय.

तुमचा,
शिंत्रे